ग्राफ डेटाबेसमधील मार्ग-पत्ते : भिवपुरीच्या उदाहरणाने एक विवेचन

ऑनलाइन सातबारा पाहायचा तर आधी जिल्हा रायगड, मग तालुका कर्जत, मग गाव, शेवटी सर्व्हे नंबर आणि हिस्सा असे उतरत जावे लागते. प्रत्येक पायरी वरच्या पायरीच्या पोटात असते, त्यामुळे जमिनीच्या एका तुकड्याला एकच पत्ता मिळतो. संगणकातल्या फोल्डरांची मांडणीही अशीच, म्हणजे झाडासारखी असते. ग्राफ डेटाबेसमध्ये मात्र कोणतीही नोंद दुसरीच्या पोटात नसते. प्रत्येक नोंद हा एक नोड असतो आणि तो अनेक दुव्यांनी इतर नोडांशी जोडलेला असतो. एकाच नोडकडे दहा वाटांनी जाता येते. मग ब्राउझरच्या पट्टीत पत्ता टाइप करायचा तो कसा? माझे म्हणणे असे की, प्रत्येक पावलाला दुव्याचा प्रकार आणि दिशा लिहिली, तरच अशा पत्त्याला अर्थ येतो. भिवपुरीच्या उदाहरणावर हे तपासून पाहू.

१. आरंभाचा नोड

‘भिवपुरी’ एवढेच टाइप केले तर तीन वेगळ्या नोंदी समोर येतात. भिवपुरी रोड हे मध्य रेल्वेचे स्थानक नेरळ आणि कर्जत यांच्या मधे आहे. भिवपुरी गाव तिथून बरेच लांब, कर्जतच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. त्याच परिसरात आंध्रा व्हॅली कंपनीने उभारलेले आणि १९२२ साली सुरू झालेले जलविद्युत केंद्र आहे. नाव सारखे असले तरी हे तीन नोड आहेत. म्हणून पत्त्याची सुरुवात नावाने करून चालत नाही, ती कायम ओळख-क्रमांकाने करावी लागते. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यामध्ये प्रत्येक नोंदीला ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो याचसाठी. वापरणारा नाव टाइप करेल, पण ब्राउझरने त्याला ‘स्थानक, गाव की वीजकेंद्र?’ असे विचारून क्रमांक पक्का करून घेतला पाहिजे.

२. पावलाचा प्रकार आणि दिशा

वीजकेंद्र रायगड जिल्ह्यात आहे. त्याला पाणी पुरवणारे ठोकरवाडी धरण मात्र घाटमाथ्यावर, पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, आंध्रा नदीवर आहे. जिल्हा-तालुक्याच्या उतरंडीत या दोघांची गाठ थेट राज्याच्या पातळीवर पडते. ग्राफमध्ये ती एका दुव्याने पडते:

वीजकेंद्र / पाणी-घेते

या पत्त्याचे उत्तर ठोकरवाडी जलाशय. पुढे ‘नदीवर-आहे’ जोडले की आंध्रा नदी, आणि ‘मिळते’ जोडले की इंद्रायणी. प्रत्येक तिरप्या रेघेनंतरचा शब्द दुव्याचा प्रकार सांगतो.

दुव्याला दिशाही असते. जलाशयापासून वीजकेंद्राकडे यायचे तर तोच दुवा उलटा चालावा लागतो. २०१३ मध्ये प्रमाणित झालेल्या स्पार्कल १.१ या प्रश्नभाषेत त्यासाठी दुव्याच्या नावाआधी ^ हे चिन्ह लिहितात. म्हणजे ‘ठोकरवाडी / ^पाणी-घेते’ याचे उत्तर वीजकेंद्र. एकच दुवा नोंदवून दोन्ही बाजूंनी वाचता येतो, माहिती दोनदा भरावी लागत नाही.

३. पुनरावृत्ती

नदीचा प्रवास किती पावलांचा आहे हे आधी ठाऊक नसते. म्हणून ‘मिळते+’ असे लिहितात: हा दुवा एकदा किंवा कितीही वेळा चाला. आता दोन पत्ते शेजारी ठेवू.

ठोकरवाडी / नदीवर-आहे / मिळते+

ठोकरवाडी / ^पाणी-घेते / पाणी-सोडते / मिळते+

पहिला पत्ता आंध्रेवरून इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा बंगालच्या उपसागराला पोहोचतो. दुसरा वीजकेंद्रातून पेज नदीत उतरतो आणि उल्हास, वसईची खाडी असे करत अरबी समुद्र गाठतो. आरंभ एकच असूनही शेवट दोन विरुद्ध समुद्रांत होतो. सगळ्या दुव्यांना ‘पाणी-जाते’ असे एकच सरसकट नाव दिले असते, तर ब्राउझरने दोन्ही समुद्र एका यादीत दाखवले असते. उत्तर खोटे ठरले नसते, पण निसर्गाचा उतार कोणता आणि माणसाने वळवलेले पाणी कोणते, हा भेद पुसला गेला असता. हा भेद किरकोळ नाही. कृष्णा खोऱ्यातून पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याचा मुद्दा कृष्णा पाणीतंटा लवादासमोर आला होता, आणि इकडे कर्जत तालुका वीजनिर्मितीनंतर पेजेत येणाऱ्या पाण्यावर विसंबून आहे. दोन्ही खोऱ्यांचे दावे नीट वाचायचे तर दुव्यांचे प्रकार वेगळे राखावेच लागतात.

४. चक्र

झाडात खाली उतरणारा कधी ना कधी पानापाशी थांबतो. ग्राफमध्ये तशी खात्री नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात झालेल्या सामंजस्य करारात भिवपुरीच्या १,००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पाचा समावेश आहे. अशा प्रकल्पात विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की पुन्हा खाली सोडतात. त्याची नोंद केली की ग्राफमध्ये चक्र तयार होते: वरून खाली, खालून वर. सरसकट ‘पाणी-जाते+’ इथे कितीही वेळ फिरत राहू शकेल. स्पार्कल १.१ मध्ये + वापरला की पोहोचता येणारा प्रत्येक नोड एकदाच मोजला जातो. निओफोरजे या ग्राफ डेटाबेसच्या सायफर भाषेत मूळ नियम वेगळा आहे: एका मार्गात एकच दुवा दोनदा चालायचा नाही. पहिला नियम ‘कुठे पोहोचता येते’ याचे उत्तर देतो, तर दुसरा ‘किती वाटांनी’ याचे. दुसऱ्यात उत्तरांची संख्या झपाट्याने फुगू शकते, म्हणून पावलांची कमाल मर्यादा लिहिणे शहाणपणाचे.

५. ब्राउझरने काय करावे

पहिले, पूर्ण पत्ता सतत डोळ्यांसमोर ठेवावा. निव्वळ वर्तुळे आणि रेघांच्या जाळ्यात दोन-चार क्लिकनंतर आपण कुठून आलो हेच कळेनासे होते.

दुसरे, टाइप करताना त्या नोडला लागू असलेलेच दुवे सुचवावेत.

तिसरे, उत्तर रिकामे आले तर कारण सांगावे. ‘मिलते’ असे चुकीचे टाइप झाले, भिवपुरी रोड स्थानकाला ‘मिळते’ हा दुवा जोडला, किंवा दुवा योग्य आहे पण नोंदच भरलेली नाही, ही तीन वेगळी कारणे आहेत. तिन्हींना ‘काही सापडले नाही’ एवढेच सांगणारा ब्राउझर वापरणाऱ्याची दिशाभूल करतो.

चौथे, उत्तर अनेकांचे असू शकते हे मान्य करावे. ‘कर्जत तालुका / ^मध्ये-आहे’ याचे उत्तर एक गाव नसून गावांचा संच आहे.

६. एक आक्षेप

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये कोष्टकांचे प्रतिमान मांडले, ते माहिती वापरणाऱ्याला साठवणुकीच्या वाटा ठाऊक असण्याची गरज उरू नये म्हणून. चार्ल्स बॅकमन यांनी १९७३ च्या ट्यूरिंग व्याख्यानात उलट प्रोग्रामरला नोंदींमधून वाट काढणारा नाविक मानले. मग मार्ग-पत्ते हे मागे जाणे आहे का? तसे मला वाटत नाही. कॉड यांचा आक्षेप यंत्रातल्या वाटांवर होता. ‘पाणी-घेते’ ही वाट डिस्कवरची नाही, ती प्रत्यक्ष जगातली आहे. साठवणूक बदलली तरी ती बदलत नाही.

मात्र जग बदलले की ती बदलते. म्हणून एखादी नोंद उद्धृत करायची तर ओळख-क्रमांक द्यावा, आणि एखादा प्रश्न जपून ठेवायचा तर मार्ग-पत्ता. २०२४ मध्ये जीक्यूएल हे आंतरराष्ट्रीय मानक आल्यामुळे असे मार्ग लिहिण्याची सामाईक भाषा मिळाली आहे. दुव्यांची नावे मात्र कोणतेही मानक ठरवून देणार नाही. ती नदी, कालवा, धरण आणि गाव ओळखणाऱ्या माणसांनीच, माहिती भरायला बसण्याआधी, एकत्र येऊन ठरवली पाहिजेत.