छल, अपराध आणि अभियुक्ताचा कैवारी

प्राचीन न्यायपद्धतींत फौजदारी आरोप आलेल्या मनुष्यास वकील करतां येत नसे, असें विधान वारंवार वाचावयास मिळतें. त्यास आधार दाखवितात तो कात्यायनाच्या निषेधाचा. ब्रह्महत्या, मनुष्यवध, चोरी, परस्त्रीगमन, राजद्रोह इत्यादि प्रकरणांत प्रतिनिधि देऊं नये, कर्त्यानेंच उत्तर द्यावें, असा त्याचा आशय आहे. परंतु या निषेधाची व्याप्ति केवढी, हें तपासून पाहिलें पाहिजे.

फिर्यादीवांचून राजानें आपण होऊन हातीं घ्यावयाच्या बाबींचे निबंधकारांनीं तीन वर्ग केले आहेत: छल ५०, अपराध १० आणि पदें २२. मराठींतील ‘छळ’ येथें मनांत आणूं नये. हे छल म्हणजे किरकोळ गुन्हे होत. पितामहाच्या नांवावरील यादींत रस्ता मोडणें, हात उगारणें, तट ओलांडणें, पाणवठा बिघडविणें, राजाच्या मुदपाकखान्यांत आज्ञेवांचून शिरणें हीं कृत्यें येतात. बरेचसे छल तर केवळ दरबारी शिष्टाचाराचे आहेत! कात्यायनाच्या निषेधांत हा वर्ग म्हणून घातलेला नाहीं. पारुष्य मात्र आहे. त्यामुळें सीमारेषा अगदीं स्वच्छ नाहीं.

खरी मेख ‘प्रतिनिधि’ या शब्दांत आहे. मीमांसेंत व्रीहि न मिळाल्यास नीवार घेतात, तो प्रतिनिधि. म्हणजे एकाच्या जागीं दुसरा. यजमानास मात्र प्रतिनिधि नाहीं, कारण फळ त्याचें. स्मृतिकारांच्या कानांत हाच अर्थ असणार. तेव्हां निषेध आहे तो अभियुक्ताच्या जागीं उभें राहण्याचा. शेजारीं उभें राहण्याचा नव्हे. नारदहि पिता, भ्राता, पुत्र किंवा नियुक्त यांव्यतिरिक्त परार्थ बोलणारास दंड सांगतो. म्हणजे नियुक्ताचें बोलणें त्यास मान्य आहे. शुक्रनीतींत अशा नियुक्ताचें वेतनहि सांगितलें आहे, पण तो ग्रंथ कित्येक विद्वान् १९ व्या शतकांतील मानीत असल्यामुळें त्यावर भिस्त ठेवीत नाहीं.

हाच भेद अर्वाचीन कायद्यांतहि दिसतो. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ३४० व्या कलमानें प्रत्येक आरोपीस वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क मिळाला. २०५ व्या कलमांतील सवलत निराळी: समन्सावर बोलाविलेल्या आरोपीची जातीनें हजेरी माफ करून वकिलास त्याच्या जागीं येऊं देणें. मीमांसकांचा प्रतिनिधि तो हाच. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत हक्काचें कलम योगायोगानें पुन्हां ३४० वेंच आहे.

मराठी अमलाविषयीं बोलतांना जपावें लागतें. पेशवाईच्या कागदांतील ‘वकील’ बहुधा परदरबारीं पाठविलेला मुत्सद्दी असतो; त्या शब्दावरून अदालतींतला कैवारी कल्पूं नये. शोध घ्यावयाचा तो गुन्हेगारीच्या, म्हणजे दंडाच्या, नोंदींत. दुर्दैवानें आपले संग्राहक वतनाचे महजर व निवाडपत्रें जिवापाड जपतात, आणि रुपया-दोन रुपये गुन्हेगारीच्या यादी रद्दींत जाऊं देतात. मुलाकरितां बाप आला होता कीं काय, कोण जामीन राहिला, हें असल्या फुटकळ कागदांतूनच कळावयाचें. ते कोणाच्या दप्तरांत असल्यास, रकमेच्या आधीं त्यांतील हजर असामींचीं नांवें उतरून घ्यावींत.