गल्लीतल्या उस्तादाचे बिल

खंडेनवमीला गल्लीतल्या गॅरेजात डोकावलात, तर एरवी तेलाने काळेकुट्ट झालेले पाने, पकडी, जॅक घासूनपुसून एका फळीवर ओळीने मांडलेले दिसतात. त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुले, समोर नारळ. हत्यारांची अशी पूजा होते. पण ज्या कागदावरून वर्षभर गाडीचा मालक आणि मिस्त्री यांची झटापट चालते, त्या बिलाकडे कोणी इतिहास म्हणून पाहत नाही. वास्तविक तो पाहण्याजोगा आहे.

मुंबईत मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. तेव्हा दुरुस्तीचे वेगळे दुकान कोठून असणार? गाडी हाकणाऱ्यालाच ती उलगडावी आणि पुन्हा जुळवावी लागे. ‘शोफर’ हा शब्दच मुळी फ्रेंच आगवाल्याचा, भट्टी पेटती ठेवणाऱ्याचा! पुढे १९२८ साली जनरल मोटर्सने खोक्यांतून आलेल्या भागांच्या गाड्या जोडण्याचा कारखाना शिवडीला काढला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, लष्कराने यंत्रे व वाहने सांभाळणारे स्वतंत्र दल उभारले. आणि युद्ध संपल्यावर शिलकी लष्करी जीपा व ट्रक विक्रीस निघाले. पाना धरणारे हात आणि त्या हातांना काम, दोन्ही वाढत गेले.

परंतु मिस्त्रीला उस्तादपण दिले ते टंचाईने. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले, की ज्यांचा गाडीचे भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी नुसती जोडणी करीत राहू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. धोरण देशाच्या हिताचे होते, यात मला शंका नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली, बंगालमधील उत्तरपाड्याहून अँबॅसडर आली. पण ज्यांच्या दारात जुनी शेवरले किंवा ब्यूक उभी होती त्यांनी काय करावे? गाडी मोडीत काढणे परवडत नव्हते आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे.

अशा वेळी उस्ताद उभा राहिला. चोरबाजार पालथा घालून तो भाग शोधी. न मिळाला तर लेथवर घडवून घेई. रेडिएटर गळला तर डाख द्यावा, सिलिंडर झिजला तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावेत. फेकून देणे हे औषध त्याच्या वहीत नव्हतेच.

आता बिलाकडे येऊ. त्यात मजुरी थोडी आणि सामान फार. भांडण होई ते सामानावरून. माल अस्सल की नकली, नवा की घासूनपुसून नवा केलेला, हे मालकाला कळणार कसे? म्हणून शहाणी माणसे स्वतः बाजारात जाऊन भाग आणीत, गॅरेजात स्टूल टाकून दिवसभर पहारा करीत, आणि निघताना काढलेला जुना भाग कागदात गुंडाळून मागून घेत. ‘खर्च किती येईल?’ या प्रश्नाला ठरलेले उत्तर असे: ‘इंजिन उघडल्याशिवाय कसं सांगू, साहेब?’ हे उत्तर खरेही असे आणि सोयीचेही असे. ‘संध्याकाळी या’ मधली संध्याकाळ कोणत्या वाराची, हे मात्र इंजिन उघडल्यावरही कळत नसे!

आणि तरीही हे बिल कंपनीच्या वर्कशॉपपेक्षा कमी का भरे? जागेचे भाडे कमी, दुरुस्ती रस्त्यावरच, ही कारणे आहेतच. पण एक कारण घासलेटाच्या डब्यात हात घालून नटबोल्ट धूत बसलेले असे. तो गॅरेजातला पोऱ्या. दहाबारा वर्षांचा, काम शिकतो म्हणून पगार नाही, फार तर चहा आणि शनिवारची चिल्लर. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला, पण गल्लीत तो पोचला नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यातील निषिद्ध कामांच्या यादीत पुढे गॅरेजांचाही समावेश झाला. स्वस्त बिलाचा उरलेला हप्ता त्या पोराने भरला होता, आणि स्टुलावर बसून पै-पैचा हिशेब घेणाऱ्या आपल्यापैकी कोणी त्याबद्दल कधी विचारल्याचे मला आठवत नाही.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. नंतर गाड्यांत संगणक बसले. कानाने इंजिन ओळखणाऱ्या उस्तादाला आता बिघाड वाचणारे यंत्र हवे होते, आणि ते, अस्सल सुट्या भागांप्रमाणेच, कंपन्या बाहेर देत नव्हत्या. हे प्रकरण स्पर्धा आयोगापुढे गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ मोटार-कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला आणि सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजेत, असे बजावले. कंपन्या अपिलात गेल्या.

मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी, म्हणजे त्याच जुन्या फियाटची लेक, २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. त्या साली दिवाळी तेरा दिवसांवर होती.