परसातली खोली

कॅलिफोर्नियातल्या भाचीने परसात आईवडिलांसाठी छोटंसं घर बांधायला काढलंय. तिथल्या राज्याचा २०२० पासूनचा कायदा म्हणतो की मागच्या आणि बाजूच्या हद्दीपासून चार फूट सोडले, तर आठशे चौरस फुटांपर्यंतच्या अशा घराला गावाने आडकाठी करायची नाही. त्याआधी अनेक गावांत हे फार अवघड होतं, कारण एका प्लॉटवर एकच कुटुंब हा तिथला जुना दंडक. मला गंमत वाटली. आपल्याकडे एका घरात एकच कुटुंब राहणं हीच एके काळी नवलाची गोष्ट होती! तेव्हा म्हटलं, आमच्या बार्शीत या परसातल्या खोलीचं काय काय झालं ते एकदा लिहून काढावं.

जुन्या गावरचनेत जमिनीचे भाग दोनच, काळी आणि पांढरी. काळीत पिकं, पांढरीत घरं. पांढरीच्या आत कुणी कुठे भिंत घालायची ते भाऊबंद आणि शेजारी ठरवत. पन्हाळीचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर सोडू नये, दुसऱ्याच्या अंगणात खिडकी काढू नये, एवढ्यावर बरंचसं भागे (आणि भांडणंही त्यावरूनच होत). घरं माळवदाची, भिंतीला भिंत लागून. मागे परस. तिथे न्हाणी, सरपण, गोठा. कुटुंब वाढलं की गोठ्याचं अंग आखडायचं आणि एक खोली उभी राहायची. परवाना वगैरे प्रश्नच नव्हता.

बार्शीची नगरपालिका १८६५ सालची. गाव कापसाच्या आणि तेलबियांच्या व्यापारावर पोसलेलं. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली. १९०१ च्या जनगणनेत वस्ती चोवीस हजारांवर होती. पण तोच काळ प्लेगचाही. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगने मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या लोकांना घरं सोडून रानात झोपड्या घालायला लावल्या. हवा-उजेड नसलेलं घर हा सरकारच्या काळजीचा विषय झाला तो तेव्हा. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात नवीन बांधकामाची आगाऊ सूचना नगरपालिकेला देणं आलं. पुढे १९१५ चा मुंबईचा नगररचना कायदा आला, देशातला पहिला. भिंतीभोवती मोकळी जागा सोडायची ही कल्पना हळूहळू मुरली. सरकारी मराठीत तिला 'सामासिक अंतर' म्हणतात. शब्द मला फार आवडतो. वहीला समास सोडा म्हणून चाळीस वर्षं मी मुलांच्या मागे लागलो. सरकार प्लॉटला तेच सांगतं.

पण वहीचं पान सगळ्यांचं सारख्याच मापाचं असतं, प्लॉटचं तसं नाही.

मधल्या काळात परसातल्या खोल्यांनी फार माणसं सांभाळली. बार्शी इंग्रजी मुलखात आणि शेजारी निजामाचं राज्य. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने सरहद्दीपलीकडून आलेली कुटुंबं कुणाकुणाच्या मागच्या खोल्यांतून राहिली, हे थोरांकडून ऐकलेलं. १९७२ च्या दुष्काळात खेड्यांवरून माणसं आली ती आम्ही पाहिली. आणि विद्यार्थी तर कायमचेच. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, त्यात चौघं, सकाळच्या एस.टी.ने गावाकडून येणारा भाकरीचा डबा. माझे कितीतरी हुशार विद्यार्थी या पत्र्याखाली शिकले. उन्हाळ्यात पत्रा तापला की दप्तर घेऊन देवळाच्या ओवरीत.

मग भाडेकरू ठेवायची भीती सुरू झाली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अनेक ठिकाणची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगला होता, युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये हा. पण तात्पुरता कायदा पन्नास वर्षं चालला. रुपया झिजला, भाडं तेच. मागची खोली एकदा दिली की गेली, अशी समजूत रूढ झाली आणि कित्येकांनी कुलूप लावून ठेवली. ३१ मार्च २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा आला, नोंदवलेल्या लेखी कराराने खोली ठरावीक मुदतीसाठी देता येऊ लागली, तेव्हा थोडी कुलुपं निघाली.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखडा आणि बांधकाम परवानगी यांची घडी बसवली. पण गावं आराखड्याच्या पुढे धावली. लोकांनी शेतात गुंठा-गुंठा घेऊन घरं बांधली, आणि ती पदरात घ्यायला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवाऱ्यांना सामावून घेतलं.

आता डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही ठिकाणं सोडता राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटची परवानगी सोपी केली आहे, हे खरोखर चांगलं झालं. तरी हिशेब मांडून पाहा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चौरस धरला तर ३३ बाय ३३. समजा पुढे दहा आणि बाकी तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडले. उरलं १८ बाय २३, म्हणजे ४१४ चौरस फूट. दाट वस्तीबाहेरचा मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१ आहे, म्हणजे बांधायची मुभा जवळजवळ बाराशेची. ती वापरायची तर वरच चढायला हवं. परसातली खोली अशी जिन्यावर गेली. तळाला गाडी लावतात, आणि ज्यांचे गुडघे गेलेत ती माणसं वरच्या गॅलरीत बसून खालच्या भाजीवाल्याला हाका मारतात. मोकळ्या जागेचं महत्त्व मला मान्य आहे, प्लेगच्या गोष्टी ऐकतच मोठा झालोय. पण आजी-आजोबांसाठी जमिनीलगत एक खोली, हवा अडवणार नाही अशा बेताने, लहान प्लॉटवर सरळ मंजूर व्हावी, असं एखादं कलम निदान असावं.

नातेवाईकांनो, तुमच्यापैकी कुणाच्या ट्रंकेत घराचे जुने मंजूर नकाशे असतील तर जरूर पाहा, आणि मागच्या खोलीवर काय लिहिलंय ते मला कळवा. ओळखीच्या एका घराच्या नकाशात 'सरपण' असं लिहिलेलं आहे. तिथे मी एका मुलाला दहावीचं गणित शिकवायला जात असे.