यादीतला नंबर आणि देशाची बरकत

वर्गात नंबर वर आला की मूल हुशार झालं, असं आपण सहज मानतो. देशांच्या बाबतीतही काही वर्षं तसंच घडलं. जागतिक बँकेनं २००३ साली 'डूइंग बिझनेस' हा अहवाल सुरू केला आणि २००५ पासून त्यात देशांचे क्रमांक लागू लागले. कंपनी नोंदवायला किती दिवस लागतात, बांधकाम परवान्याला किती खर्च येतो, वीजजोडणी, कर, कोर्टातला दावा... अशी मोजणी व्हायची.

भारताचं उदाहरण मला बोलकं वाटतं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आपण १४२ वे होतो, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ६३ वे. झेप मोठीच. पण आपला विकासदर २०१६-१७ मधल्या ८ टक्क्यांवरून २०१९-२० मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास उतरला. उलट २००६ साली चीन या यादीत नव्वदीच्या घरात होता आणि २००७ मध्ये त्याची अर्थव्यवस्था १४ टक्क्यांनी वाढली!

असं का व्हावं? एक तर भारतासाठी मोजमाप फक्त मुंबई आणि दिल्लीचं होत असे. सोलापूरच्या कारखानदाराचा अनुभव त्यात येतच नव्हता. दुसरं, परवाना लवकर मिळाला म्हणून माल खपत नाही. त्या वर्षांत बँका थकीत कर्जांनी वाकल्या होत्या, मागणी मंदावली होती. शिवाय कराराच्या अंमलबजावणीत आपण २०१९ मध्येही १६३ वेच होतो. दावा निकाली निघायला सरासरी १४४५ दिवस लागत.

म्हणून सुधारणा फुकट गेल्या, असं मी म्हणणार नाही. २०१६ चा दिवाळखोरी कायदा ही खरी, आवश्यक गोष्ट होती. पण नंबर हेच ध्येय झालं, की आकड्यांवरच दबाव येतो. २०१८ आणि २०२० च्या अहवालांत चीन, सौदी अरेबिया यांसारख्या देशांच्या आकडेवारीत फेरफार आढळले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेनं हा अहवालच बंद केला. २०२४ मध्ये आलेल्या नव्या अहवालात एकच एकत्रित क्रमवारी नव्हती.

मला वाटतं, यादी पाहावी ती थर्मामीटरसारखी. ताप कळतो, औषध मात्र वेगळं शोधावं लागतं. तालुक्याच्या गावातल्या उद्योजकाला कर्ज वेळेवर मिळतं का, त्याचा दावा त्याच्या हयातीत निकाली निघतो का, हे आधी विचारायला हवं.