काऊ, चिऊ आणि साळै

बाळाला मांडीवर घेऊन काऊचिऊचे हे म्हणणे तुम्ही कितीदा तरी म्हटले असेल. एकाचे घर शेणाचे, दुसरीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि काऊ चिऊच्या दाराशी येऊन उभा राहतो. दार काही लवकर उघडत नाही. चिऊला आधी बाळाला न्हाऊ घालायचे असते, अंग पुसायचे असते, तीट लावायची असते. ही सगळी कामे सांगणारीच्या हातून त्याच वेळी चाललेली असतात, म्हणून ती अर्धी गोष्ट आणि अर्धे बडबडगीत आहे. हात आवरेपर्यंत काऊ पावसात.

शाळेच्या पुस्तकातून हे आपल्या घरांत आले, असा पुष्कळांचा समज असतो. पण ही कहाणी लीळाचरित्रात आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी स्वामींचा सहवास लाभलेल्यांना गाठून एकेक आठवण पडताळली आणि ऋद्धिपुरात हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात स्वामींनी सांगितलेली काउळ्याची आणि साळैची कहाणी येते. घरे तीच, शेणाची आणि मेणाची. सांगणारे स्वामी मूळचे भडोचचे, म्हणजे आम्हा बडोदेकरांच्या शेजारचे. मराठी त्यांनी इकडून तिकडे जाऊन आपलीशी केली.

एवढी घरगुती गोष्ट धर्मग्रंथात टिकली कशी? महानुभावांच्या स्मृतिस्थळात एक प्रसंग आहे. संस्कृतात ग्रंथ करू पाहणाऱ्या केशोबासांना नागदेवाचार्यांनी अडवले. तसे केले तर आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असे ते म्हणाले. म्हाताऱ्यांसाठी ज्या पंथाने मराठी धरली, त्याच्या ग्रंथात म्हाताऱ्यांची कहाणी सापडावी यात नवल वाटत नाही. पुढे खिलजींच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि ग्रंथ पुन्हा आठवणीतूनच उभा करावा लागला. सकळ लिपीत तो मठांतून राहिला. विसाव्या शतकात छापला गेला. तोवर घरोघरच्या आज्यांनी तो वाचलेला नव्हता, आणि तरी कहाणी त्यांना येत होती.

सातशे वर्षांत पक्षी मात्र बदलला. साळै गेली, चिमणी आली. घरे का बदलली नाहीत? माझ्या मते यमकामुळे. शेण आणि मेण एकमेकांना धरून आहेत. एक काढले की दुसरे पडते. साळैला असा कोणी जोडीदार नव्हता.

हीच गोष्ट आपल्या घरांत तपासून पाहा. इंदूर-ग्वाल्हेरकडे नातवंडांशी हिंदीत बोलण्याची सवय पडली आहे. पण गोबर आणि मोम जुळत नाहीत. गुजरातीतही छाण आणि मीण फटकून राहतात. इथल्या मुलांना चको-चकीची गोष्ट येते, ती तांदळाचा दाणा आणते, तो मुगाचा, आणि खिचडी शिजते. ती गुजरातीतच रंगते. काऊचिऊचे तसेच आहे. आमच्या घरी सूनबाई गुजराती. तिने ही गोष्ट आपल्या भाषेत सांगून पाहिली, दोन घरांपाशी अडली, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले, "आई, ते मराठीत कसं म्हणतात?"