मोटारीच्या दाराचे रबर

पावसाळा सरतो, घरोघर दिवाळीची साफसफाई निघते, आणि ज्यांच्या अंगणात एखादी जुनी मोटार उभी असते त्यांना तिचीही आठवण होते. दार उघडावे तर आतून कुबट वास येतो. पायाखालचे अंथरूण उचलावे तर खाली ओल, आणि ओलीखाली पत्र्यावर तांबूस पापुद्रे. मालक इंजिनाची विचारपूस करतो, बॅटरी पाहतो, रंगाला हात लावून उसासा टाकतो. पण ज्याच्यामुळे हे सारे झाले ते दाराच्या चौकटीला चिकटून मुकाट बसलेले असते : बोटभर रुंदीचे, काळे, भेगाळलेले रबर. गॅरेजातले मिस्त्री त्याला ‘बीडिंग’ म्हणतात.

या बोटभर पट्टीला इतिहास आहे असे म्हटले तर वाचक हसतील. हसू द्या. राजांच्या आणि लढायांच्या इतिहासाला या पानांत तोटा नसतो; एक वर्ष रबराच्या पट्टीचा इतिहास वाचायला हरकत नाही. त्यातही एक राजा आहे, एक लढाई आहे, आणि कर्जात बुडून मेलेला एक संशोधकही आहे.

*

पहिल्या मोटारींना दार नव्हते, म्हणून दाराची फटही नव्हती. कार्ल बेन्झने १८८६ मध्ये जिचे पेटंट घेतले ती तीनचाकी म्हणजे चाकांवर ठेवलेले एक बाक. वर आकाश, खाली रस्ता. पुढे मोटारींना टप आला, तोही घोडागाडीचाच. मुंबईच्या व्हिक्टोरियाचा टप ज्यांनी पाहिला असेल त्यांना निराळे वर्णन नको. पाऊस आला की तो पुढे ओढायचा, बाजूंना मेणकापडाचे पडदे अडकवायचे आणि अर्धे भिजत घर गाठायचे. चहूकडून बंद असलेली गाडी ही श्रीमंतांची चैन होती. तिचे अंग सुतार आणि घोडागाड्यांचे कारागीर लाकडी सांगाड्यावर हाताने बांधत.

हे चित्र पालटले ते पहिल्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत, अमेरिकेत. १९२१ च्या अखेरीस हडसन कंपनीने ‘एसेक्स’ नावाची साधी बंद गाडी १,४९५ डॉलरांना बाजारात आणली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिची किंमत उघड्या गाडीच्याही खाली उतरवली. मग काय विचारता! १९२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी शेकडा ४३ बंद होत्या. १९२७ मध्ये हा आकडा शेकडा ८५ वर गेला. मोटार हे उन्हापावसात मिरवण्याचे वाहन होते, ती आता चालतीबोलती खोली झाली.

खोली म्हटली की दारे-खिडक्या आल्या आणि दारे-खिडक्या म्हटल्या की फटी आल्या. घराचे दार पावसाळ्यात फुगते तेव्हा सुतार त्याची कड रंध्याने तासतो; घर जागचे हलत नाही, एवढ्यावर काम भागते. मोटारीचे तसे नाही. खड्ड्यात एक चाक गेले की तिचे सगळे अंग किंचित पिळवटते. दार चौकटीत अगदी घट्ट बसवले तर ते पहिल्याच खडबडीत रस्त्यावर अडकेल, म्हणून काही मिलिमीटरांची फट मुद्दाम ठेवावीच लागते. म्हणजे फट हवी, पण तीतून वारा, धूळ आणि पाणी यायला नको! या उफराट्या मागणीला उत्तर देणारा पदार्थ असा हवा की जो दाबला असता दबेल आणि सोडला असता पुन्हा फुगून जागा भरील. कारागिरांनी नमदा लावून पाहिला, कापडात गुंडाळलेली दोरी लावली. नमदा पाणी पितो आणि कुजतो. दोरी एकदा चेपली की चेपलेलीच राहते. अखेर सगळे रबराकडे वळले.

पुढच्या प्रत्येक सुधारणेबरोबर रबराचे काम वाढत गेले. १९३३ च्या गाड्यांत जनरल मोटर्सने पुढच्या खिडकीच्या कोपऱ्यात आसाभोवती फिरणारी छोटी काच बसवली. आपल्याकडच्या फियाट आणि अॅम्बॅसडरमधून तिच्यातली झुळूक ज्यांनी तोंडावर घेतली ते तिला विसरलेले नाहीत. तिच्या त्रिकोणाला त्रिकोणी रबर लागले. समोरची मोठी काच स्क्रूने आवळली तर तडकते. म्हणून तिच्याभोवती दोन्हीकडे खाच असलेले रबर आले, एका खाचेत काच आणि दुसरीत पत्र्याची कड. पत्रा पिळवटला तरी तो पीळ रबर सोसते आणि काच शाबूत राहते.

*

आता या रबराच्या जन्मकथेकडे वळू. रबराचा चीक दक्षिण अमेरिकेतल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. युरोपात त्याचा मोठा उपयोग केला तो चार्ल्स मॅकिंटॉशने. १८२३ मध्ये त्याने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. पण कच्चे रबर म्हणजे नाठाळ वस्तू. उन्हाळ्यात ते चिकट होऊन पाघळे, थंडीत लाकडासारखे ताठ होई. १८३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत रबराच्या कारखान्यांचे पेव फुटले आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात तयार मालाचा दुर्गंधी लगदा झाल्यावर ते तितक्याच वेगाने बसले.

या लगद्याचा नाद चार्ल्स गुडइयरने सोडला नाही. त्याने रबरात हाताला लागेल ते मिसळून पाहिले, कर्जापायी तुरुंगाची वारी केली, घरातल्या वस्तू गहाण टाकल्या. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी गंधक मिसळलेले रबर तापलेल्या चुलीला लागले आणि ते वितळण्याऐवजी कातड्यासारखे चिवट झाले. पाच वर्षे खपून त्याने १८४४ मध्ये पेटंट मिळवले. पण त्याआधीच त्याच्या मालाचे नमुने इंग्लंडात टॉमस हॅनकॉकच्या हाती पडले होते. हॅनकॉकने आपल्या प्रयोगांनी तीच वाट शोधली आणि इंग्लंडातले पेटंट पटकावले. हॅनकॉकच्या एका मित्राने या क्रियेला अग्निदेव व्हल्कन याच्या नावावरून ‘व्हल्कनायझेशन’ असे नाव दिले. गुडइयर १८६० मध्ये वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरांचे कर्ज होते. त्याच्या नावाची टायरची कंपनी १८९८ मध्ये निघाली. तिच्याशी त्याचा वा त्याच्या कुटुंबाचा काही संबंध नव्हता.

गंधकाने नेमके काय साधले? कच्च्या रबरातले लांबलचक रेणू ताटातल्या शेवयांसारखे एकमेकांवर नुसते पडलेले असतात. ऊब मिळाली की घसरतात. गंधक त्यांना जागोजाग गाठी मारते. मग रबर ताणले तर ताणते, पण गाठींमुळे सोडताच मूळ जागी येते. मोटारीच्या दाराला हवा होता तो हाच गुण.

आणि इतिहासाची गंमत अशी की ज्या १८३९ साली रबर चिवट झाले, त्याच साली त्याच्या वैऱ्याचा वास माणसाच्या नाकाला ओळखीचा झाला. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी शोनबाइन नावाचा रसायनशास्त्रज्ञ विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करीत असता त्याला एक विचित्र वास आला. पुढच्या वर्षी त्याने त्या वायूला ‘ओझोन’ हे नाव दिले. या दोन शोधांची गाठ पुढे शंभर वर्षांनी पडायची होती.

*

मधल्या काळाचा इतिहास काळा आहे, आणि तो सणाच्या दिवसांतही लपवू नये. सायकली आणि मोटारी आल्यावर रबराची भूक भडकली. अॅमेझॉनच्या अरण्यात मनाउस शहरी रबराच्या पैशावर १८९६ मध्ये संगमरवरी नाट्यगृह उभे राहिले. त्याच वेळी आफ्रिकेत काँगोमध्ये बेल्जमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी राज्यात, ठरलेला चीक आणला नाही म्हणून गावेच्या गावे जाळली जात होती आणि माणसांचे हात तोडले जात होते. रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर झालेल्या बोभाट्यानंतर १९०८ मध्ये ते राज्य राजाच्या हातून काढून घेण्यात आले. जुन्या गाडीच्या ऐटीचे कौतुक करताना तिच्या टायरांचा आणि पट्ट्यांचा हा पूर्वज स्मरणात असलेला बरा.

दरम्यान १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या होत्या. त्यांतली रोपे सिलोन आणि मलायाकडे गेली. केरळात पेरियार नदीकाठी तट्टेकाड येथे १९०२ मध्ये रबराचा मळा लागला आणि हे परदेशी झाड आपल्याकडचेच होऊन बसले. पुढे फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले तेव्हा अमेरिकेचा रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला. त्या देशाने पेट्रोलियममधून कृत्रिम रबर करण्याचा असा धडाका लावला की १९४१ मध्ये जेमतेम आठ हजार टन असलेले उत्पादन १९४५ मध्ये आठ लाख टनांपर्यंत गेले.

युद्ध संपले आणि लॉस एंजेलिस शहरात एक चमत्कारिक तक्रार उठली. त्या शहराच्या हवेत डोळे चुरचुरत, पिकांची पाने करपत, आणि गाड्यांच्या रबराला इतर गावांपेक्षा फार लवकर भेगा पडत. तिथल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हागेन-स्मिट नावाचे प्राध्यापक अननसाच्या वासाचे रसायन शोधत होते. त्यांनी ते काम बाजूला ठेवून शहराची हवाच गोठवून तपासली. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की गाड्यांच्या नळकांड्यांतून आणि तेलाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या वाफांवर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो मोजण्यासाठी त्यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्याच वापरल्या. पट्टीला भेगा किती लवकर पडतात यावरून हवा किती विषारी आहे ते कळे.

ओझोन रबराच्या रेणूतले कच्चे सांधे हेरून तोडतो, आणि रबर ताणलेले वा वाकवलेले असेल तिथे आधी तोडतो. म्हणून दाराच्या कोपऱ्यावर वळलेली पट्टी सरळ भागाआधी फाटते. म्हणजे मोटारच आपल्या श्वासाने आपल्याच अंगावरचे रबर खात होती!

यावर उतारा निघाला तो रेणूची घडण बदलून. त्यातला निओप्रीन हा प्रकार १९३० मध्येच सापडला होता. तो ओझोन आणि तेल बऱ्यापैकी सोसतो. पुढे झीगलर आणि नाट्टा यांनी नवी उत्प्रेरके शोधली, त्यासाठी त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच सुमारास ईपीडीएम नावाचे रबर बाजारात आले. याच्या मुख्य साखळीत ते कच्चे सांधे नसतात; ओझोनला तोडायला जागाच उरत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांच्या दारांना हेच रबर असते.

*

मुंबईच्या लोकांना ही कथा परकी वाटायचे कारण नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे नाव घेतलेली तीच गाडी निघत असे. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने या शहराला अंगाखांद्यावर खेळवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. ज्या पद्मिनी आता उरल्या त्या हौशी लोकांच्या. दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, खारा वारा आणि रहदारीचा धूर या तिन्हींना तोंड देत त्या उभ्या आहेत. त्यांचे आयुष्य इंजिनापेक्षा पत्र्यावर, आणि पत्र्याचे आयुष्य या पट्टीवर टिकून असते. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते. दाराखालची चौकट गंजून गेली की ती कापून नवी जोडावी लागते, आणि तसे काम जाणणारे हात दिवसेंदिवस विरळ होत आहेत.

रबर गेले की नाही हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि कागद ओढावा. तो घट्ट अडला तर ठीक. सहज सरकला तर तिथून पाणी शिरणार हे समजावे. चौकटीभर जागोजाग अशी परीक्षा घ्यावी. नवी पट्टी घेताना जुन्या पट्टीचा तुकडा बरोबर न्यावा, कारण रुंदीपेक्षा तिचा आडवा छेद जुळणे महत्त्वाचे. जुन्या चिकटाचा थर आणि गंज खरवडून पत्रा स्वच्छ व कोरडा करावा. पट्टी ताणून मुळीच लावू नये. ती पुढे आकसते आणि कोपऱ्यात उघडी पडते, शिवाय ताणलेल्या रबराला ओझोन आधी गाठतो हे आपण पाहिलेच. सांधा दाराच्या खालच्या बाजूला घ्यावा. आणि दाराच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची भोके बुजवू नयेत. काचेच्या फटीतून थोडे पाणी दारात उतरणारच, त्याला बाहेरची वाट हवी.

नवे रबर बसवले की दार जड लागते. पुष्कळ मालक इथे घाबरतात आणि मिस्त्रीला कडी सैल करायला सांगतात. तसे करू नये. दार काही दिवस नुसते लावून ठेवले की रबर आपली जागा ओळखते.

काही शौकीन मंडळी जुने अस्सल रबरच हवे म्हणून हटून बसतात. त्यांची निष्ठा मोठी, पण ती चुकीच्या ठिकाणी आहे. कौलारू घराची शाकारणी दर वर्षी होते, फुटकी कौले निघतात, नवी चढतात, आणि तरी घर आजोबांचेच राहते. कौले बदलली म्हणूनच वासे टिकतात. दाराच्या रबराचेही तसेच : ते झिजायलाच लावलेले असते, आणि ते वेळेवर बदलले तरच कुर्ल्यात ठोकलेला मूळ पत्रा नातवंडांना पाहायला मिळेल.

शाकारणी मृगाच्या तोंडावर करतात, कारण तिला पाऊस येण्याआधी उरकायचे असते. रबराचे काम मात्र तोवर लांबवू नये. दमट हवेत सोल्युशन नीट धरत नाही आणि ओल्या पत्र्यावर लावलेली पट्टी आत गंज कोंडून ठेवते. कार्तिकातले कोरडे ऊन त्यासाठी उत्तम. तेव्हा फराळ उरकला की गाडीची चारही दारे सताड उघडावीत, आतली ओल निघून जाऊ द्यावी, आणि मिस्त्रीला निरोप पाठवावा.