निशाण कोणाचं, काढलं कोणी?

मंडळी, युरोपात सरदार घराण्यांच्या ढालचिन्हांच्या रंगीत वह्या १३ व्या शतकापासून तयार होत आल्या. आपल्या संस्थानांची अशी वही मात्र एका साहेबानं केली. रॉबर्ट टेलर, बंगालमधला मुलकी अधिकारी.

१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला. व्हिक्टोरिया राणी ‘कैसर-ए-हिंद’ झाली हे जाहीर करायचं होतं. त्या निमित्तानं व्हाइसरॉय लिटननं राजांना एकेक निशाण दिलं. नव्वदच्या आसपास निशाणांवरची चिन्हं टेलरची. ढालीचा आकार युरोपी, आत घराण्याच्या दंतकथा, दैवतं, मुलुखाच्या खुणा. काठ्या इतक्या जड, की एकेक निशाण पेलायला दोन धट्टेकट्टे गोरे सोल्जर लागत!

आपलं गंगाखेड तेव्हा निजामाच्या मुलखात. निजाम महबूब अली खान दहा वर्षांचा, सालारजंगाबरोबर आलेला. बडोद्याचे सयाजीराव तेरा वर्षांचे. दीडेक वर्षापूर्वी नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेले. या पोरांना कोणी विचारलं असेल, की तुमच्या ढालीवर काय काढू?

पुढे १९०२ मध्ये टेलरचा हा संग्रह कलकत्त्याला छापून निघाला. पण म्हणून ते सगळं बनावट म्हणून फेकून द्यावं, असं मला वाटत नाही. शिंद्यांचा नाग घराण्याच्या आख्यायिकेतलाच आहे. बडोद्याचं ‘जिन घर, जिन तख्त’ हे ब्रीद तर घोड्यावर आयुष्य काढलेल्या माणसांचंच. होळकरांच्या चिन्हात गव्हाबरोबर अफूचं रोपही आहे. माळव्याच्या अफूवर कंपनी सरकारनं किती महसूल कमावला, ते आठवलं की ते रोप वेगळंच दिसायला लागतं.

आणि चिन्हं आपल्याला नवी कुठे होती? देवगिरीच्या यादवांच्या मुद्रेवर गरुड होता. मराठ्यांचा जरीपटका होता. राजेच कशाला, तुमच्या-आमच्या घरी लग्नात देवक बसवतात ना? कदमांचा कदंब, कोणाचं पंचपल्लव. ही कुळाची खूणच झाली की! फरक एवढाच, ती कोणा व्हाइसरॉयनं दिलेली नाही. मुंबई इलाख्यातल्या जातींची देवकं एन्थोवेननं १९२० ते १९२२ च्या आपल्या तीन खंडांत नोंदवली. तोही साहेबच. आपण मराठवाडी लोक त्या इलाख्याबाहेरचे.

तेव्हा मंडळी, घरी गेल्यावर आजीला एवढं विचारा: आपलं देवक कोणतं, आणि ते कशानं बांधतात? सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवा, गावाच्या नावासकट.